लेपिडॉप्टेरा म्हणजे कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आज मी एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. शब्द आहे लेपिडॉप्टेरा. कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवताना हा शब्द मी किती वेळा उच्चारला असेल, त्याची मोजदाद नाही. फळ्यावर लिहायचा, खाली रेघ मारायची, मुलांनी वहीत उतरवून घ्यायचा आणि परीक्षेत ‘फुलपाखरे व पतंग यांचा गण’ एवढं लिहून गुण मिळवायचे. त्यापलीकडे या शब्दाशी कुणाला काही देणंघेणं असेल, असं मला बरीच वर्षं वाटलं नाही. मग एका हिवाळ्यात या शब्दापायी एका शेतकऱ्याचं हातातोंडाशी आलेलं उत्पन्न गेलं, आणि ते जाण्यात माझाही वाटा होता. ती हकिगत पुढे येईलच. आधी शब्द उघडून पाहू.

शब्द ग्रीक आहे, दोन तुकड्यांचा. ‘लेपिस’ म्हणजे खवला. समासात त्याचं ‘लेपिडो’ होतं. ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. ज्यांच्या पंखांवर खवले असतात ते लेपिडॉप्टेरा. आपण बोलताना तो ‘लेपिड-ऑप्टेरा’ असा तोडतो, त्यामुळे काहींना त्याचा डोळ्यांशी किंवा चष्म्याच्या दुकानाशी संबंध असावा असं वाटतं. खरी फोड आहे ‘लेपिडो’ आणि ‘प्टेरा’. हेलिकॉप्टरचंही असंच आहे. आपण त्याचे ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ असे तुकडे करून टाकले. मूळ शब्दात ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्रासारखा फिरणारा आणि ‘प्टर’ म्हणजे तोच आपला पंख.

खवले म्हटल्यावर आपल्याला बाजारातला मासा आठवतो, नाही तर खवले मांजर. फुलपाखराला खवले असतात हे पटकन पटत नाही. पण लहानपणी फुलपाखरू चिमटीत धरलेलं असेल, तर बोटांना लागलेली चमचमती भुकटी आठवून पाहा. आमच्याकडे मोठी माणसं ओरडायची, हात धू, डोळ्यात गेलं तर आंधळा होशील. आंधळं कुणी झालं नाही, पण ती भुकटी म्हणजेच खवले. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पंखाचा तुकडा ठेवला, की घराच्या छपरावर कौलं रचावीत तसे ते एकावर एक चढवून बसवलेले दिसतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये काही शे. मुळात हे चपटे झालेले केस आहेत. रंग, नक्षी, डोळ्यासारखे ठिपके, सगळं या खवल्यांमध्ये असतं. ते झडले तर खालचा पंख बराचसा काचेसारखा पारदर्शक निघतो. काही खवल्यांत तर रंगद्रव्यही नसतं. दक्षिण अमेरिकेतल्या मॉर्फो फुलपाखराचा झगझगीत निळा रंग खवल्याच्या बारीक रचनेवर उजेड परतल्यामुळे दिसतो. खवले सहज सुटतात याचाही फायदा आहे. कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला पतंग पुष्कळदा खवले जाळ्याला चिकटवून स्वतः निसटतो.

आता दुसरा तुकडा, प्टेरॉन. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की ग्रीक प्टेरॉन आणि संस्कृतमधला ‘पत्’ हा धातू एकाच कुळातले आहेत. ‘पत्’ म्हणजे उडणं, आणि पडणंसुद्धा. त्यावरून संस्कृतात पंखाला ‘पतत्र’ म्हणतात. ‘पत्र’ म्हणजे पान, तसंच पीस आणि पंखही. आणि त्याच धातूवरून आपला ‘पतंग’. दिव्यावर झेपावणारा पतंग आणि संक्रांतीला मुलं उडवतात तो पतंग, दोघेही त्यातलेच. वर्गात परका म्हणून घोकलेल्या शब्दाच्या पोटात आपला पतंग निम्मा बसलेला होता, हे मला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कळलं. आधी कळलं असतं तर मुलांना शब्द पाठ करून घ्यायला लागला नसता.

शास्त्रात हे नाव पक्कं बसवलं ते स्वीडनच्या कार्ल लिनियसनं. त्याच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची १७५८ सालची आवृत्ती प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात मानली जाते. त्यानं कीटकांचे गण पाडले ते मुख्यतः पंखांवरून. या खवलेपंखी गणाचे त्यानं तीनच गट केले. पॅपिलिओ म्हणजे दिवसा उडणारी फुलपाखरं, स्फिंक्स म्हणजे संध्याकाळी भिरभिरणारे जाडजूड पतंग आणि फॅलिना म्हणजे उरलेले सगळे पतंग. रेशमाचा किडा त्यानं या तिसऱ्या गटात ठेवला होता. हे लक्षात असू द्या.

फुलपाखरू आणि पतंग यांत फरक काय, असं मला हमखास विचारतात. दिवसा उडतं ते फुलपाखरू, रात्री तो पतंग. पंख मिटून बसतं ते फुलपाखरू, पसरून बसतो तो पतंग. मिशीच्या टोकाला गाठ असते ते फुलपाखरू. ही उत्तरं बहुतेक वेळा चालतात आणि मधूनच दगा देतात, कारण दिवसा उडणारे रंगीबेरंगी पतंग भरपूर आहेत. खरी गोष्ट अशी की पतंग हे एक मोठं घराणं आहे आणि फुलपाखरं ही त्यातलीच एक शाखा. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी ही शाखा पतंगांतून फुटली, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात मांडलं आहे. आज जगात या गणाच्या दीड लाखाहून जास्त जातींची नोंद आहे, त्यात फुलपाखरं अठरा-एकोणीस हजार. म्हणजे दहातले नऊ पतंगच. पण आपण राज्याचं मानचिन्ह म्हणून २०१५ साली निवडलं ते फुलपाखरू, ब्लू मॉर्मन, मराठीत नीलवंत. पतंगाला तो मान कोण देणार! फुलपाखरू सगळ्यांचं लाडकं. मात्र लिंबाच्या आणि संत्र्याच्या रोपांची पानं फस्त करणारी, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी एका देखण्या फुलपाखराचीच असते. नागपूरकडच्या बागायतदारांना विचारा.

इथे मी त्या शब्दातल्या अडचणीपाशी येतो. लेपिडॉप्टेरा हा शब्द पंखांचा आहे. पण या कीटकाचं आयुष्य चार टप्प्यांचं: अंडं, अळी, कोष आणि मग पंखवाला. माणसाचा संबंध येतो तो जवळजवळ नेहमी दुसऱ्या टप्प्याशी. पीक खाते ती अळी, रेशीम काढते तीही अळी. आणि अळीला ना पंख, ना खवले. ज्या खुणेवरून नाव ठेवलं, ती खूण काम पडतं तेव्हा दिसतच नाही. औषधाच्या डब्यावर ‘लेपिडॉप्टेरा वर्गीय किडींसाठी’ असं छापलेलं असतं (खरं तर वर्ग नव्हे, गण, पण ते राहू द्या), तेव्हा वाचणाऱ्यानं अळीकडे बघून पुढच्या महिन्यातले पंख ओळखावेत अशी अपेक्षा असते.

त्यात आपल्या मराठीची गंमत पाहा. पिकावर असली की ती अळी. अंगावर केस असले की सुरवंट. भाताच्या खोडात शिरली की खोडकिडा. रेशीम काढायला लागली की रेशमाचा किडा, आणि सरकारी पत्रकात रेशीम कीटक. दिव्यावर आला की पतंग, फुलावर बसलं की फुलपाखरू. एकाच घरातल्या माणसांना आपण सात आडनावं दिली आहेत. रोजच्या बोलण्यात त्यानं काही बिघडत नाही, भाषा श्रीमंतच होते. बिघडतं कधी, ते आता सांगतो.

२०१४ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. मराठवाड्यातल्या एका गावी शेतकरी मेळाव्यात मी हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल बोललो. तिथे तुतीची लागवड करून रेशीम कोष काढणारे दोन-चार शेतकरी होते, पण सभेतले बहुतेक हरभरा, तूर आणि कापूसवाले. मी सांगितलं की रासायनिक औषधांचा मारा करण्याआधी बीटी जिवाणूची पावडर वापरून पाहा. उन्हानं तिचा जोर लवकर उतरतो म्हणून फवारणी संध्याकाळी करा. आणि मग माझं आवडतं वाक्य टाकलं: ‘हे औषध फक्त लेपिडॉप्टेराच्या अळ्यांना मारतं. माणसाला नाही, गुराला नाही, मधमाशीलासुद्धा नाही.’ वाक्यात चूक काहीच नव्हती. टाळ्याही पडल्या.

दहा-बारा दिवसांनी सकाळीच फोन आला. मेळाव्याला पुढच्या रांगेत बसलेला एक शेतकरी होता. शंभर अंडीपुंजांची बॅच, शेवटची अवस्था, चार-पाच दिवसांत कोष विणायला घेतील अशी, आणि अचानक पाला खायच्या थांबल्या होत्या. मी पोहोचलो तोवर दुपार झाली. शेडमध्ये शिरलो तर एरवी पाला कुरतडल्याचा पावसासारखा आवाज असतो, तो नव्हता. रॅकवरच्या फांद्यांवर अळ्या सैल पडलेल्या. बऱ्याच मऊ होऊन काळ्या पडायला लागल्या होत्या. तुतीची बाग कुठे आहे, म्हणून बाहेर आलो. बांधाला लागून हरभरा होता, त्याच्या भावाचा. दोन दिवसांपूर्वी संध्याकाळी त्यावर फवारणी झाली होती. वारा बागेच्या दिशेनं होता. काय फवारलं होतं, ते विचारायची गरज नव्हती. रिकामा पुडा बांधावरच पडला होता.

‘भाऊ, तुम्हाला माहीत होतं का तो काय मारतोय?’ मी विचारलं.

‘माहीत म्हणजे? मीच म्हणलं त्याला, मार बिनधास्त,’ तो म्हणाला. ‘तुम्हीच सांगितलं ना सर, अळीशिवाय कुणाला काही होत नाही. आमचे तर रेशमाचे किडे. अळी कुठंय आमच्याकडं?’

मला उत्तर देता येईना. तो औषधाच्या पुड्यावरचा मजकूरही वाचून गेला होता. अक्षर न् अक्षर वाचलं होतं, लेपिडॉप्टेरासकट. पण पुडा त्याला सांगत होता ते हे, की तुझ्या शेडमधलं सगळं यात मोडतं, आणि ते कळायला त्याला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं की रेशमाचा किडा हा किडा नसून अळी आहे, आणि ती अळी एका पांढऱ्या पतंगाची आहे. तो पतंग शेतकऱ्याला दिसतच नाही. कोष विकले जातात तेव्हा पतंग आतच असतो. अंडीपुंज केंद्रातून येतात. तिथे जो पतंग बाहेर पडतो, त्याला हजारो वर्षांच्या पाळीवपणामुळे पंख असून उडता येत नाही. तोंड असून तो खातही नाही. जोडी लावतो, मादी चारेकशे अंडी घालते, की संपलं. खवलेपंखी असल्याची खूण त्याच्याकडे पूर्ण आहे, पण पाळणारा ती आयुष्यात पाहत नाही.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस. या जिवाणूचा शोध कसा लागला, हे मी वर्गात दरवर्षी शिकवत होतो. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाला तो सापडला तो रेशीम किड्यांच्या अचानक होणाऱ्या मृत्यूचं कारण शोधताना. पुढे १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनरला तोच जिवाणू पिठात होणाऱ्या एका पतंगाच्या अळीत मिळाला, थुरिंजिया प्रांतात, म्हणून त्याचं नाव तसं पडलं. म्हणजे आज जे घाटेअळीचं औषध आहे, ते आधी रेशमाच्या अळीचा रोग म्हणूनच माहीत झालं होतं. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात या जिवाणूचं स्फटिकासारखं प्रथिन विरघळतं, आतड्याच्या अस्तराला चिकटतं आणि भोकं पाडतं. घाटेअळी आणि रेशीम अळी यांच्या आतड्यांत त्या दृष्टीनं फरक नाही. हे परीक्षेत मी पाच गुणांना विचारत असे. सभेत मात्र ‘रेशीमवाल्यांनो, तुमची अळीसुद्धा यात येते’ हे पाच शब्दही मला सुचले नाहीत.

मी त्याला म्हणालो, चूक तुमची नाही, माझी आहे. तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, ‘ते जाऊ द्या सर. पुढच्या बॅचला काय करू ते सांगा.’ मेलेल्या अळ्या खोल खड्ड्यात पुरायच्या, उरलेला पाला वापरायचा नाही, शेड ब्लीचिंग पावडर आणि चुन्यानं निर्जंतुक करायची, तुतीची छाटणी करून नव्या पाल्यावरच पुढची बॅच घ्यायची. मी सांगत गेलो, तो वहीत लिहीत गेला.

हा प्रश्न रेशमापुरता नाही. २००२ साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. या कापसात त्याच जिवाणूचं जनुक घातलेलं आहे, त्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारक प्रथिन तयार करतं. पहिल्या काही वर्षांत मला विदर्भातून आणि मराठवाड्यातून एकच प्रश्न यायचा: बीटी लावलं, महागाचं बियाणं घेतलं, तरी मावा आणि तुडतुडे कसे? उत्तर त्याच शब्दात होतं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी रस शोषणाऱ्या किडी आहेत, वेगळ्या गणातल्या. पतंगाची पोरं नव्हेत ती. बीटी त्यांना हात लावत नाही. बियाण्याबरोबर हे समजेल अशा मराठीत कुणी दिलं असतं, तर ‘बीटी म्हणजे फवारणीच नको’ अशी समजूत पसरली नसती. गुलाबी बोंडअळीची गोष्ट निराळी. ती लेपिडॉप्टेराच, पण तिनं या प्रथिनाशी जुळवून घेतलं. २०१७ साली राज्यातल्या कापसाचं काय झालं, ते आपण पाहिलंच आहे.

आणि हाच शब्द उलट बाजूनंही कामाला येतो. १९९९ मध्ये अमेरिकेत एका प्रयोगशाळेतल्या प्रयोगावरून मोठा गहजब झाला. बीटी मक्याचे परागकण टाकलेली पानं खाऊन मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मेल्या. लोक हळहळले, फुलपाखरू गेलं म्हणून. पुढे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेतातल्या पाहण्यांत, तेव्हा प्रचलित असलेल्या बहुतेक वाणांपासून मोनार्कला धोका नगण्य असल्याचं दिसलं. पण शंका घेणाऱ्यांनी ती घेतली ते बरोबरच केलं. मक्याची खोड पोखरणारी अळी आणि मोनार्क एकाच गणातले आहेत, हे त्यांना ठाऊक होतं म्हणून तर शंका आली.

मराठीत या शब्दाला काय म्हणावं यावर मित्रांमध्ये वाद होतात. ‘शल्कपंखी’ हा शब्द सुचवला जातो. शुद्ध आहे, पण ‘शल्क’ म्हणजे काय ते पुन्हा सांगावं लागतं. मला ‘खवलेपंखी’ आवडतो. मासळीबाजारात गेलेल्या कुणालाही तो कळेल. तरीही एकटा तोही पुरणार नाही, कारण अळीला पंख नसतात ही मूळ अडचण तशीच राहते. म्हणून मी आता सभांमध्ये लेपिडॉप्टेरा हा शब्द वापरतोच, टाळत नाही. डब्यावर तोच छापलेला असतो, तो ओळखता आला पाहिजे. पण त्याच्यामागोमाग यादी म्हणतो: घाटेअळी, बोंडअळी, मक्यावरची लष्करी अळी, खोडकिडा, केसाळ सुरवंट, लिंबावरची अळी, तुतीवरचा रेशमाचा किडा, गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐनाच्या झाडावर असतो तो टसरचा किडा, आणि तुमच्या अंगणातलं फुलपाखरू. ही सगळी पतंगाची पोरं. औषध फवारताना यातलं कोण जवळपास आहे ते बघा. यादी लांबते, टाळ्या पडत नाहीत.

दोनेक वर्षांनी त्याच गावी जाण्याचा योग आला. मराठवाड्यात तोवर तुती चांगलीच वाढली होती. त्या शेतकऱ्यानं शेडही मोठी केली होती. भावाशी ठरवून बांधाकडच्या चार ओळी त्यानं तुतीतून मोकळ्या ठेवल्या होत्या, तिथे चाऱ्यासाठी उंच गवत लावलं होतं. शेडच्या दाराशी एक पत्रा टांगलेला दिसला. त्यावर पांढऱ्या रंगात, त्याच्या मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘आत पतंगाची पोरं आहेत. शेजारी अळीचं औषध मारायचं असेल तर दोन दिवस आधी सांगा.’ खाली कंसात, जरा बारीक अक्षरात, ‘लेपिडॉप्टेरा’. शब्दातला ‘प्टे’ थोडा चुकला होता. मी दुरुस्त केला नाही.